शनिवारी दोन तास बंद

माझं लिहिणं पत्रकांवर पोसलेलं आहे. कागदाची एक बाजू, वर जाड अक्षरात मागणी, खाली कारणं, तळाशी ‘मोठ्या संख्येने हजर राहा’. त्यात ‘कदाचित’ हा शब्द बसत नाही. ‘माझं चुकलं’ हे तर अजिबातच बसत नाही. म्हणून ही गोष्ट मी पत्रकात कधी लिहिली नाही, इथे लिहितेय.

मला ‘देखभाल’ या शब्दाची चीड होती. कारण सांगते. आमची संघटना पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर काम करते. दाखले, रेशनकार्ड, डोंगरउतारावरच्या दळी जमिनीचे दावे, हे सगळं. वाडीवरची बाई दाखल्यासाठी निघते तेव्हा त्या दिवशीचं काम सोडून निघते. डांबरी रस्त्यापर्यंत चालते, मिळेल त्या गाडीत बसते, कचेरीत पोचते. आणि काचेमागचा माणूस मान वर न करता म्हणतो, “साइटचं मेंटेनन्स चालू आहे. उद्या या.”

उद्या! जसं काही ती बाई शेजारच्या गल्लीत राहते.

एकदा मी त्या काचेवर हात आपटून विचारलं होतं, “तुमचं मेंटेनन्स नेमकं बायका आल्यावरच कसं निघतं?” तो म्हणाला, “मॅडम, आवाज खाली.” मी खाली केला नाही. दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं. मथळा होता, ‘देखभाल कुणाची? गैरसोय कुणाची?’ मला तो मथळा फार आवडला होता. अजूनही वाईट नाही.

तर आमच्याकडेही एक कॉम्प्युटर होता. पेणला गणपतीच्या एका कारखान्याच्या मागची खोली आम्हाला मिळालेली. पुढे हमरापूरहून आलेल्या कच्च्या मूर्ती रांगेने उभ्या, मागे आम्ही. मूर्ती घासायला काढल्या की पांढरी धूळ खिडकीतून आत यायची आणि कीबोर्डवर बसायची. आम्ही कॉम्प्युटरवर जुना टॉवेल टाकायचो. त्या टॉवेलखाली आमची सहा वर्षांची कमाई होती.

त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे वाड्यांची यादी. कोणतं घर कुठल्या वाडीवर, घरात कोण कोण, कोणाचे आईबाप कुठले. दुसरं म्हणजे जुने कागद. गावोगावच्या शाळांतून आम्ही पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दाखल रजिस्टरांचे फोटो काढून आणले होते. पिवळी पानं, बोरूची अक्षरं, कुठे वाळवीने खाल्लेली. त्यातलं एकेक नाव वाचून टाइप केलेलं. सरकारला जातीचा जुना पुरावा लागतो आणि वाडीवरच्या माणसाकडे कागद नसतो. मग आम्ही या दोन गोष्टी एकमेकींना भिडवायचो. मुलीचं नाव टाकलं की कॉम्प्युटर तिच्या नात्यातली माणसं शोधायचा, मग त्या माणसांची नावं जुन्या रजिस्टरांत शोधायचा, आणि कुठेतरी आजोबा सापडायचे. पहिल्यांदा असे आजोबा सापडले तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवून उठलो होतो.

हे सगळं ज्यांनी बांधून दिलं ते चाचा.

चाचा रोह्याचे. तीस वर्षं आखातात एका इस्पितळाची रुग्णांची नोंदवही सांभाळायचं काम केलं. नोंदवही म्हणजे कॉम्प्युटरमधली, डेटाबेस. निवृत्त होऊन परत आले, मुलांनी त्यांना रोह्यालगत वरसे गावात नव्या घरात नेलं, आणि महिनाभरात ते कंटाळले. कुणाकडून तरी आमचं ऐकून एक दिवस खोलीच्या दारात उभे. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. म्हणाले, “तुमच्या इकडं मशीन हाय असा ऐकला. मला बघायला मिळंल काय?” जसं एखाद्याने बाळ बघायला यावं.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळच्या गाडीने ते रोह्याहून पेणला यायचे. डब्यात कधी सांदणं, कधी तांदळाची भाकरी आणि सुकट. आधी डबा आम्हाला द्यायचे, मग टॉवेल बाजूला करायचे. आणि बाहेर एक पुठ्ठा लावायचे, त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं, ‘शनिवारी दोन तास बंद’.

या दोन तासांना ते साफसफाई म्हणायचे. काय करताय विचारलं तर न कंटाळता सांगायचे. मला तेव्हा ते अर्धंच कळायचं. आता जरा जास्त कळतं, म्हणून लिहिते.

आमच्या वाड्यांची एक रीत आहे. दिवाळी झाली की वाडीच्या वाडी वीटभट्टीवर जाते. म्हातारी माणसं, एखादी बाळंतीण, दोनचार कोंबड्या, एवढंच मागे उरतं. पावसाच्या तोंडावर सगळे परत येतात. आमच्या यादीत म्हणून एक रकाना होता, ‘हजर’ की ‘बाहेर’. दिवाळीनंतर आमचे कार्यकर्ते एका झटक्यात सगळ्या वाड्या ‘बाहेर’ करायचे. मेअखेर एका झटक्यात सगळ्या ‘हजर’. दोन बटणं. आम्हाला ते फार हुशारीचं वाटायचं.

चाचांना नाही वाटायचं. ते सांगायचे, “बेटा, तू हजरचं बाहेर केलास, तर जुनी ओळ पुसली जात नाय. हा नवी ओळ लिहितो आणि जुनी तिथंच पडून ऱ्हाते. मेलेली. सर्च मारलास की हा त्या मेलेल्या ओळींवरनं पन पाय टाकीत जातो. दर साली तुम्ही आख्खी वाडी दोनदा लिवता. ती मढी कोन उचलनार?”

“तुम्ही,” मी म्हणायचे.

“मीच. म्हनून दोन तास बंद.”

मेलेल्या ओळी काढायच्या, कुठलं नाव कुठल्या ओळीत ते सांगणारी फुगलेली सूची पुन्हा नीट लावायची, आणि शेवटी ‘मोजणी’, म्हणजे कुठे किती नावं आहेत ते कॉम्प्युटरला मोजून ध्यानात ठेवायला लावायचं. हा त्यांचा आवडता भाग. मोजणी झाली की ते ठरलेले तीन प्रश्न कॉम्प्युटरला विचारायचे, दर शनिवारी तेच तीन, आणि उत्तर यायला किती सेकंद लागले ते एका वहीत लिहायचे. साफसफाईच्या आधी एकदा, नंतर एकदा. सेकंद कमी झाले की वही मला दाखवायचे. मी “वा वा” म्हणायचे आणि पुन्हा पत्रक लिहायला वळायचे.

जानेवारीत आम्ही दाखल्यांची मोहीम काढली. शनिवारी कचेऱ्या बंद, म्हणून शनिवार हाच आमचा शिबिराचा दिवस. पत्रकात मी लिहिलं, ‘आमच्याकडे मेंटेनन्स नाही! आमचं दार आणि आमचा कॉम्प्युटर कधीच बंद नसतो!’ दोन उद्गारचिन्हं. दोन्ही तालुक्यांत वाटलं.

चाचा शनिवारी आले ते पत्रक हातात घेऊनच.

“हे कोनी लिवला?”

“मी.”

“छापायच्या आधी मला तरी विचारायचास गो.”

“चाचा, बायका एवढ्या लांबून येतात. त्यांना पुठ्ठा दाखवू? मग आपल्यात आणि त्या काचेवाल्यात फरक काय?”

“तो देखभालीचा नाव करून चहा पितो. मी देखभाल करतो. हा फरक.”

“बाईला तो फरक दारातून दिसत नाही.”

त्यांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, “आज तरी करू दे. वाड्या भट्टीवर हायत, गर्दी नाय.” त्या शनिवारी मी करू दिलं. त्यांनी मढी उचलली, सूची लावली, मोजणी केली, वहीत लिहिलं. जाताना पुठ्ठा खिळ्यावरून काढला आणि कपाटामागे ठेवला. पुढच्या शनिवारी मी फोन करून सांगितलं, “सध्या नको, चाचा. मोहीम संपू दे.” मोहिमा संपत नसतात. तेही मला माहीत होतं.

एकदोनदा ते नुसतेच आले. चहा घेतला, डबा दिला, कॉम्प्युटरकडे पाहिलं, शिबिरात आलेल्या बायकांना पाणी दिलं, निघून गेले. मग यायचे थांबले. मी पत्रकं लिहीत राहिले. एप्रिल गेला, मे गेला. मेअखेर वाड्या परतल्या. आम्ही बटण दाबून सगळ्यांना ‘हजर’ केलं. जूनमध्ये सर्चला थोडा वेळ लागायला लागला, मी म्हटलं, उकाडा आहे, कॉम्प्युटर तापतोय. उकाडा गेला तरी वेळ लागतच राहिला. मग मी म्हटलं, धूळ.

जुलैतल्या एका सोमवारी सकाळी नऊला एक मुलगी आणि तिची आई खोलीच्या पायरीवर बसलेल्या. रोह्याजवळ डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी. मुलगी बारावी झालेली. त्या वाडीवरची बारावी झालेली ती पहिली, हे मी तिच्यावरच्या पत्रकात आधीच छापलेलं होतं. तिचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. पण जातपडताळणीच्या अर्जाला जुना पुरावा हवा होता, आणि तो त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत साइटवर चढवायचा होता. नाही चढवला तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला.

“आज? आणि तू आज येतेस?” मी ओरडलेच.

“मेसेज काल आला ताई,” ती म्हणाली. “वाडीवर रेंज नाय. रस्त्यावर आले तवा दिसला.”

कुणावर चिडायचं ते न कळल्यामुळे मी कॉम्प्युटर चालू केला.

आजोबांचं नाव आईला माहीत होतं. गाव माहीत नव्हतं. “मामंजी कुठले ते नक्की नाय,” ती म्हणाली. “कधी सांगायचे नागोठन्याकडचे, कधी या बाजूचे. फिरतीच होते. तिकडं त्यांची भावकी हाय म्हनं.” आडनाव असं, की निम्म्या वाड्यांवर तेच. म्हणजे हजर असलेल्या सगळ्या भावकीतून नातं लावत जायचं आणि प्रत्येकाचं नाव जुन्या रजिस्टरांत बघायचं. कॉम्प्युटरचंच काम. मी नाव टाकलं, बटण दाबलं.

गोल चक्र फिरायला लागलं.

दहा वाजले. मी चहा केला. अकरा वाजले. कारखान्यात कुणीतरी रेडिओ लावला. मुलगी खिडकीतून मूर्ती बघत होती, आई तिला बघत होती. चक्र फिरत होतं.

“ताई, ह्यो काय करतो?” आईने विचारलं.

“शोधतोय.”

“मामंजी हयात होते तवा पन सापडत नव्हते,” ती म्हणाली. “आता काय सापडनार.” मुलीला हसू आलं. मलाही आलं असतं, पण घड्याळ समोर होतं.

साडेअकराला आई उठून जवळ आली. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने काही टोमणा म्हणून नाही विचारलं. अगदी सरळ, समजून घेत विचारलं, “तुमचा पन सर्वर डाऊन झाला का गो?”

मला कचेरीतल्या माणसांनी काय काय ऐकवलंय. त्यातलं काही लागलं नाही एवढं हे लागलं.

मी खोलीबाहेर जाऊन चाचांना फोन लावला. सहा महिन्यांत मी त्यांना एकही फोन केला नव्हता. ईदलाही नाही. दोन रिंगमध्ये त्यांनी उचलला.

“बोल बेटा.”

मी भराभर सगळं सांगितलं. मुलगी, पाच वाजता, चक्र. माफी मागायचं राहिलं, मधेच कुठेतरी “माझं चुकलं” असं म्हणाले असेन, त्यांनी लक्षच दिलं नाही.

“मोजनी शेवटची कवा झाली?”

“तुम्ही केलेली. जानेवारीत.”

“बंद कर.”

“काय?”

“जो सर्च चालू हाय तो बंद कर. थांबव त्याला.”

“चाचा, अडीच तास झालेत! आता पाच मिनिटांत येईल कदाचित. थांबवला तर अडीच तास वाया.”

“अडीच तास वाया गेलेलेच हायत. येनार नाय तो. मला माहीत हाय तो काय करतोय. बंद कर.”

मी आत आले होते, हात माउसवर होता. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, “थांबवते. चाचा म्हणतात.” ती म्हणाली, “थांबवा मग.” तिने चाचांना कधी पाहिलंही नव्हतं. मी थांबवलं. चक्र गेलं, स्क्रीन कोरी झाली.

“आता स्पीकरवर टाक,” चाचा म्हणाले. “आधी त्याला विचार, हा सर्च तू कसा करनार हायस. करू नको, फक्त सांग. मी बोलतो तसा टाइप कर.”

असं विचारता येतं हे मला सहा वर्षांत ठाऊक नव्हतं. मी टाइप केलं. काम न करता, कॉम्प्युटरने फक्त आपला बेत सांगितला. पंधरावीस ओळी आल्या. चाचा म्हणाले, “हजर घरांच्या पुढं बघ. किती सापडतील असा त्याचा अंदाज हाय?”

मी वाचलं. “सात.”

“सात काय?”

“सात माणसं. सगळ्या वाड्यांवर मिळून हजर माणसं सात.”

आई फोनकडे वाकली आणि मोठ्याने म्हणाली, “सात? आमच्या एकट्या दिराच्या घरात सात हायत!”

फोनमधून चाचांचं हसू आलं. “कोन बोलते?”

“मी, पोरीची आई.”

“बाय, वाडीवर आता किती लोक हायत?”

“समदीच हायत की. भट्टीवरनं आली. लावनी चालू हाय.”

“बघ,” चाचा मला म्हणाले, पण सांगत होते तिला. “मी मोजनी केली तवा तुम्ही समदी भट्टीवर होता. वाड्या रिकाम्या. याने तेच ध्यानात ठेवला. हा दर वेळी मोजत नाय, अंदाजावर चालतो. दहा मानसांचा भात सांगितला की आचारी लहान टोप घेतो. पंक्तीला हजार बसली तरी तो त्याच टोपात शिजवतोय. टोप उतरव, टोप चढव, टोप उतरव. मोठी डेग चढवायची ती राहिली बाजूला. सात मानसांसाठी जुनी रजिस्टरं पयल्या पानापासून सातदा वाचायला हरकत नाय. पन हा समद्यांसाठी, एकेकासाठी, आख्खी रजिस्टरं वाचत बसलाय. वरनं मेलेल्या ओळी.”

“मग चाचा, तुमी आता येनार का?” आई म्हणाली.

“मी निघतो, पन पोचंपर्यंत दोन वाजतील. आनि आख्खी साफसफाई करायला दोन तास. तेवढा टाइम नाय. मढी ऱ्हाऊ दे आज. फक्त मोजनी करू. मोजनीला टाइम नाय लागत.”

त्यांनी एक ओळ सांगितली. मी टाइप केली. अक्षरं तीनदा तपासली. एंटर.

पंखा जोरात फिरला. कारखान्यात कुणीतरी ब्रश बादलीत आपटत होतं. तीन मिनिटं झाली असतील, जास्त नाही. ‘पूर्ण’ असं आलं.

“आता परत विचार. काम करू नको, बेत सांग.”

सात गेले होते. तिथे आता खरा आकडा होता, जवळजवळ खरा. खालचा सगळा बेतच बदललेला. रजिस्टरं एकदाच उघडायची आणि सगळ्यांची नावं एकत्र भिडवायची, असं काहीतरी. चाचांना मी वाचून दाखवलं तेव्हा ते नुसतं “हां” म्हणाले. त्या एका “हां” मध्ये सहा महिन्यांचा रुसवा उतरला असं मला वाटलं. माझी समजूतही असेल.

“आता मार सर्च.”

मारला. चक्र आलं. मी घड्याळ बघणार होते, बघितलंच नाही, कारण तेवढ्यात चक्र गेलं.

चार नावं. तीन दुसऱ्याच भावकीतली. चौथ्यावर दाबलं तर एक पिवळं पान उघडलं. नागोठण्याच्या बाजूची एक शाळा. विद्यार्थ्याचं नाव, बापाचं नाव, जात, जन्माच्या जागेसमोर वाडीचं नाव. इयत्ता पहिली.

मुलीने नाव मोठ्याने वाचलं. मग बापाचं नाव वाचलं, म्हणजे तिच्या पणजोबांचं. आईने डोक्यावरचा पदर नीट केला. सासऱ्यासमोर करतात तसा.

“मामंजी शाळंत गेलेले?” ती म्हणाली. “कदी बोलले नाय.”

“एकच वर्ष,” मुलगी म्हणाली. बोट पुढे सरकवत ती शेवटच्या रकान्यापर्यंत आली. शाळा सोडल्याचं कारण. “सतत गैरहजर. नाव कमी केले.”

“गैरहजर म्हंजे?”

“नव्हते. वाडीवर नव्हते.”

“मग असनार कुठं,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण त्या खोलीत माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा तो जास्त ऐकू आला. “बापासंगं भट्टीवर असतील. सहा-सात वर्सांचा पोर, एकटा वाडीवर कोनाकडं ऱ्हानार?”

माझ्या डोक्यात लगेच एक मथळा तयार झाला. सवय. पण मी तो लिहून घेतला नाही. मुलीचा हात आईच्या पाठीवर होता, आणि चाचांचा फोन अजून चालूच होता.

मग कामाला लागलो. पानाचा फोटो, वंशावळीचा कागद, तलाठ्याच्या सहीचा जुना दाखला, सगळं एकत्र करून साइटवर चढवायला बसलो. साइट सरकत नव्हती. दोनदा मधेच तुटली. मी काचेवाल्यांना, साइटवाल्यांना आणि ज्यांनी ज्यांनी हे बांधलं त्या सगळ्यांना तोंडातल्या तोंडात शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा सगळं चढलं. चार वाजायला दहा मिनिटं असताना पावती आली. मुलीने पावतीचा फोटो काढला. मग परत काढला, पहिला हलला होता म्हणून.

चाचा दोनला पोचले होते. सगळा वेळ मागच्या खुर्चीत बसून होते. पावती आल्यावर त्यांनी डबा उघडला. आईने आधी “नको” म्हटलं, मग दोन सांदणं घेतली. एक खाल्लं, एक पदरात बांधलं. “दिराच्या पोराला,” ती म्हणाली.

जाताना तिने एक मागितलं. त्या पिवळ्या पानाची एक छापील प्रत. “सरकारला दिली ती दिली. मला एक.” मी छापून दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिने मुलीला विचारलं, मामंजींचं नाव कुठलं, आणि मुलीने दाखवलं तिथे बोट धरून ठेवलं, एसटी येईपर्यंत. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले होते. पाऊस होता, छत्री एकच. कागद मधोमध, आम्ही तिघी बाजूंनी ओल्या.

परत आले तेव्हा चाचा कपाटामागे हात घालून काहीतरी शोधत होते.

“शनिवारी करू,” मी म्हणाले. “पूर्ण. दोन तास. तीन लागले तर तीन.”

“आनि शिबिर?”

“शिबिर अकराला सुरू करू. बायकांना आधीच सांगते. खरं सांगते, की का बंद आहे.”

“पत्रकात?” चाचा म्हणाले.

“तोंडाने. पत्रकात नाही बसत.”

शनिवारी ते सकाळच्या गाडीने आले. बायका आल्या होत्या पाचसहा, आधी सांगूनही लवकरच आलेल्या. मी त्यांना कारखान्यात मूर्तींच्या मध्ये बसवलं आणि भट्टीवरून परत आलेल्या वाड्यांचं, मेलेल्या ओळींचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं कंटाळतील. एका म्हातारीने विचारलं, “म्हंजे आमी भट्टीवर गेलो की त्याला वाटतं आमी मेलो?” मी म्हटलं, तसंच काहीसं. ती म्हणाली, “सगळ्यांनाच वाटतं,” आणि तंबाखू मळायला लागली.

आत चाचा काम करत होते. वही उघडी, घड्याळ मनगटावरून काढून समोर ठेवलेलं. ठरलेले तीन प्रश्न विचारून झाले होते, आणि आधीचे सेकंद लिहिताना त्यांनी दोनदा मान हलवली होती. मग मढी उचलायला लागले. मी दारात उभी होते.

फोन वाजला. मुलगी होती. रस्त्यावर येऊन बोलत होती, मागे ट्रकचे आवाज. पुरावा मान्य झाला, जागा नक्की झाली, एक तारखेला हजर व्हायचं. ती हे सगळं एका श्वासात बोलली. मागून आईचा आवाज आला, “ताईला सांग, चाचाला सांग.”

मी आत जाऊन चाचांना सांगितलं. त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही, एक हात वर केला, थांब म्हणून. सूची लावून संपली, ओळ पुढे सरकली, तेव्हा ते माझ्याकडे वळले. डोळे पाणावलेले होते.

“हॉस्टेल मिळाला का तिला?” त्यांनी विचारलं. “नायतर रोज वाडीवरनं कशी जानार ती?”

मी ते विचारलंच नव्हतं. तिथेच उभी राहून परत फोन लावला.